ईटीएफमधली एक कंपनी

अंबडहून जालन्याला येताना बसमध्ये माझ्या शेजारी एक तरुणी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. वडिलांनी पैसे गुंतवलेल्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या एका फंडात, कोणकोणत्या कंपन्यांचे शेअर आहेत, ती माहिती तिचा प्रोग्राम एपीआयमधून, म्हणजे इंटरनेटवरून थेट, आणत होता. नावं वाचता वाचता ती थांबली. ओढणीनं उगाचच स्क्रीन पुसून तिनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, यात दारूची कंपनी हाय. लई थोडा हिस्सा हाय, पन हाय."

"मंग त्यो फंडच काढून टाक," पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "पोरगा देऊन बसलो त्यांला. आता पैसा न्हाई द्यायचा."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "भाऊ दारूपायी गेला माझा."

मग लगेच ती दुसऱ्या फंडातल्या कंपन्या तपासू लागली.