मात्सुमोतोच्या जिन्यावरचा आवाज

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, एवढा माझा या प्रकारांवर विश्वास! मीच असलं काही लिहीन असं कुणी म्हणालं असतं, तर वेड्यात काढलं असतं. पण काय करणार...

२००६चा ऑक्टोबर. आम्ही परदेशात, मॉरिसव्हिलला नवीनच राहायला आलो होतो आणि ऑफिसने मला आठवड्याभरासाठी टोकियोला पाठवलं. रविवार मोकळा मिळाला, म्हणून एकटीच ट्रेनने मात्सुमोतोला गेले — जुनं, किल्ल्याभोवती वसलेलं गाव. किल्ला म्हटल्यावर मी थोडीच थांबणार! लहानपणी सुट्टी मिळाली रे मिळाली की बाबा आम्हा मायलेकींना गडावर न्यायचे. किती मजेचे दिवस होते ते! उतरताना घसरण आली की खालून ओरडायचे, "तोंड गडाकडे गं!" म्हणजे उलटं वळून, दगड धरून उतरा. आई चिडायची, "अहो, कळतंय मला!"

तेच बाबा पुण्यात दोन वर्षं अबोल होते. पॅरालिसिसच्या झटक्यात वाचा गेली. मी फोन केला की आई रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायची आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा. एकदा, फक्त एकदा त्यांचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून जीव तुटायचा.

किल्ला काळाभोर, आतून सगळा लाकडी. बूट पिशवीत घेऊन मोज्यांवर चढायचं. जिने इतके उभे, की शिडीच म्हणा. उतरताना मी अतिशहाणी — एका हातात बूट, दुसऱ्यात कॅमेरा. पाऊल टाकणार, तोच खालून आवाज...

"तोंड गडाकडे गं!"

बाबांचा. खणखणीत. कॅमेरा गळ्यात टाकला, मुकाट वळले, कठडा धरला — आणि मोजा सटकलाच! हात घट्ट होता म्हणून वाचले. खाली फक्त एक जपानी आजी, घाबरून तोंडावर हात ठेवलेल्या.

स्टेशनवर येऊन कॉलिंग कार्डाने पुण्याला फोन लावला. मी काही बोलायच्या आत आईच सुरू, "अगं, हे बोलले! तासाभरापूर्वी! मी स्टुलावर चढून माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढत होते, तर पलंगावरून म्हणतात कसे, तोंड गडाकडे गं! मेलं ते स्टूल, त्याला गड म्हणाले!" ती हसत होती, रडत होती.

घरी परतून सगळं सांगितलं, तर नवरा म्हणाला, "जेटलॅग असेल यार. तुझ्या डोक्यातच होतं ते."

"आणि आईने ऐकलं ते?"

"को-इन्सिडन्स."

असेल बुवा! मला तरी आजपर्यंत उलगडा झालेला नाही.

बाबा त्यानंतर एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगते, "शेवटचं बोलले ते माझ्यासाठी हो, मी पडू नये म्हणून." मी शेजारी बसून मान हलवते. मात्सुमोतोचं तिला सांगितलेलं नाही... सांगणारही नाही.