मास्तर पीत नाहीत

शर्टांच्या त्या कारखान्यात कटिंग मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कापायच्या टेबलावर त्यांची पद्धत ठरलेली. बाही एकच आखायची, पण कापडाचे थर पसरायचे ते एक सुलटा, एक उलटा. वरून एकदा विजेची सुरी फिरवली की डावी-उजवी बाही जोडीनंच सुटते. मिसरूड फुटल्यापासून हात हेच करत आलेले. आणि पन्नाशीच्या उंबऱ्यावर एका सकाळी त्यांनी अख्खा तागा सुलटाच पसरला.

सगळ्या ऑर्डरीच्या बाह्या डाव्या!

"गिऱ्हाईकांना दोन्ही हात डावेच आहेत का, मास्तर?" मालक गरजला. "सकाळीसकाळी लावून आलात वाटतं!"

झालं. ज्या माणसानं जन्मात थेंबाला शिवलं नाही, तो एका वाक्यात दारुडा ठरला. मग बोलता बोलता शब्द हरवला, दारू. घराची गल्ली चुकली, दारूच. पहिला डॉक्टर म्हणाला, "टेन्शन आहे, जरा मोकळ्या हवेत फिरवून आणा." अरे बाबा, फिरायलाच तर गेले होते, पोलिसांनी घरी आणून सोडलं!

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं. अल्झायमर. "म्हाताऱ्यांनाच होतो असं नाही, या वयातही गाठतो. बरा होणार नाही. पण आजच सगळं संपलं, असंही नाही. जमतंय ते करू द्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा. आणि त्यांची परीक्षा घेऊ नका."

त्याच संध्याकाळी मास्तरांचे थोरले भाऊ परीक्षा घ्यायला हजर. "सांग बघू, आज वार कोणता? आठव! डोक्याला ताण दे जरा!"

मास्तर घामाघूम. त्यांची बायको त्याच कारखान्यात काजं-बटणं करायची, आणि जीभ तिची कात्रीहून धारदार.

"भाऊजी, पाय मोडलेल्याला पळ म्हणाल का?"

"अगं, मी त्याच्या भल्यासाठीच..."

"भलं करायचंय? मग रोज संध्याकाळी यांना घेऊन फिरायला जा. तुम्ही बडबडा, हे ऐकतील. प्रश्न विचारायचा नाही."

भाऊजी चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन मालकासमोर उभी राहिली आणि आजार काय आहे ते सांगितलं. मालक एकदम मऊ झाला, पण बोलला तिच्याशीच. "वहिनी, यांना आता घरी बसवा. सुरीचं काम आहे, बोट जायचं. बरं, जेवतात ना नीट?"

मास्तरांनी टेबलावर थाड्‌कन हात आपटला.

"मी मेलोय का रे? माझ्याशी बोल! तुझ्या हातात कात्री मी दिली."

मालक दचकला.

"सुरी नको मला. बरोबर आहे तुझं, बोट जाईल. पण हे... हे..." शब्द सापडेना. बायकोच्या ओठांवर आला होता, तिनं गिळला. "...हे टेबल सोडणार नाही."

"मग करणार काय, मास्तर?"

"थर पसरीन. बाजू ही सांगेल."

"माझ्या बटणांचं काम मागं पडणार नाही," बायको म्हणाली. "पण आधी मशिनी बंद करा. दारुडा म्हणालात ते सगळ्यांसमोर. खरं काय तेही सगळ्यांसमोरच होऊ दे."

"जाऊ द्या ना वहिनी, झालं गेलं..."

"काही गेलं नाही! गल्लीतली पोरं यांच्या मागं झोकांड्या खात चालतात."

मशिनी थांबल्या. मालक काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," मास्तर म्हणाले.

"मास्तर पीत नाहीत! त्यांना आजार आहे. मी चुकलो."

कुणी मान वर केली नाही. दोघं-तिघं उगाचच सुईत दोरा ओवायला लागले.

बायकोचा राग मात्र तसूभर उतरला नाही. एक दिवस हे पसरणंही जाणार, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी आपणच यांचा हात धरून बाहेर न्यायचं, आणि भांडायला समोर कुणी नसणार! मालक नाही, भाऊजी नाही, कुणीच नाही. याचाच तिला जास्त संताप येत होता.

तिनं ताग्याचं टोक त्यांच्या हातात कोंबलं.

"ओढा," ती खेकसली.

मास्तरांनी ओढलं.