अंदाजअप्पा

लग्न होऊन ताडकळसला आले त्याला चार दिवसही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. सुगी संपली होती आणि बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू पडला होता. मी सेलूची. परभणीला जाऊन एकदा सिनेमा पाहिलेली, तेव्हा असं तंबूत मातीवर बसून पाहायचं म्हणजे मला जरा कमीपणाच वाटत होता. पण माझी नणंद गौरा हट्टालाच पेटली, म्हणून गेले. मधोमध कनात, अलीकडे आम्ही बायका, पलीकडे पुरुष. खेळ मारामारीचा होता. घोडा आला, घोड्यावर तोंड झाकलेला स्वार आला, आणि तेवढ्यात कनातीपलीकडून एक खणखणीत आवाज उठला, "ह्यो राजाचा हरवलेला पोरगा हाय. दंडावर डाग निघंल बगा. अन् त्यो दिवाण शेवटाला पान्यात पडून मरतो."

मी अशी चिडले म्हणून सांगू. गौराच्या कानाशी लागून म्हटलं, "वन्सं, कोण हो हा मेला चोंबडा म्हातारा? गप नाही बसत." गौरानं पदर तोंडात कोंबला. हसू आवरल्यावर म्हणाली, "वैनी, तुमचे सासरे हायेत ते."

लग्नात मी सासऱ्यांना पाहिलं होतं ते मान खाली घालून, म्हणजे खरं तर त्यांचे जोडे पाहिले होते. आवाज पहिल्यांदा ऐकला तो हा असा. आणि सांगायला हरकत नाही, डाग दंडावरच निघाला. दिवाण विहिरीत पडला.

गावात त्यांना अंदाजअप्पा म्हणत. बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान. आम्ही लिंगायत. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, हातात मोजायचा गज, अशी त्यांची बैठक असायची. येणारा माणूस "शरणार्थ अप्पा" म्हणून पायरी चढेपर्यंत ह्यांनी त्याला हवं तेच कापडाचं ठाण काढून पुढ्यात टाकलेलं असायचं. तीच खोड सिनेमात. पण सिनेमात ती खोड नुसती खोड राहिली नव्हती, त्यांचा तो अभ्यास होता म्हणा ना. पहिल्या भागात जो खोकला तो मध्यंतरापुढं टिकत नाही. मोलकरीण दोनदा दिसली की पत्र तिनंच चोरलं. आंधळ्या म्हातारीला दृष्टी येणार ती पोरगा परत आल्यावरच, आदल्या दिवशी कधीच नाही. आणि हे सगळं खरं ठरलं की अप्पांना आनंद व्हावा की नाही? उलट ते हिरमुसून घरी यायचे. हात धुताधुता म्हणायचे, "ठाण तेच हाय. कापलंय तेवढं नव्यानं."

आमच्याकडं यायचे ते सगळे हलक्या कंपन्यांचे खेळ. मोठी चित्रं परभणीच्या अलीकडं कशाला येतील? एकच घोडा, त्यावर आधी नायक बसायचा, मग तोच घोडा दिवाणाच्या बुडाखाली. भिंतीला टेकलं की राजवाडा हलायचा. बाकीचे लोक त्याला हसायचे, अप्पा कधी हसले नाहीत. कुणी चेष्टा केली तर त्यांना राग यायचा. "गरीब कंपनी हाय, घोडा एकच आसनार. राजवाडा कापडाचा हाय, चांगलं हाय, आपल्याच धंद्यातला हाय. पन डोक्याला का पैसे पडतेत? एक घोडा चालतो मला, एकच गोष्ट चालत न्हाई." हे ते इतक्या तळमळीनं बोलायचे, जणू त्या कंपनीत त्यांची भागीदारी होती.

तंबूचा मॅनेजर नांदेडकडचा, गोड दख्खनी बोलणारा. अप्पांनी त्याचा जीव नकोसा केला होता. पुढं काय होणार ते कळलं की मध्यंतरातच अर्धे लोक उठून बिड्या ओढत घरी जायचे. हात जोडून तो म्हणायचा, "अप्पा, खुदा के वास्ते चुप बैठो ना. तुम बोल देतें, लोगां उठ के चले जातें." शेवटी त्यानं युक्ती काढली. खेळ सुरू व्हायच्या आधी अप्पांना भलंमोठं पान आणून द्यायचं, म्हणजे तोंड भरलेलं राहील. अप्पांनी पान खाल्लं आणि हातानं खुणा करायला सुरुवात केली. गळ्यावरून बोट फिरवलं की तो मरणार, दंडावर थाप मारली की डाग निघणार. पुढच्या खुर्चीवर अमीनसाहेब बसायचे, गावचे पोलीस अंमलदार. तेसुद्धा पडद्याकडं पाठ करून अप्पांकडं बघायला लागले. मग मॅनेजरानं पान बंद केलं.

एकदा मात्र अप्पांची दांडी गुल झाली. मशीनवाला नवा होता, त्यानं रिळं उलटसुलट लावली. नायक मध्यंतराआधीच मेला, सरणावर ठेवला, बायका ढसाढसा रडल्या. आणि मध्यंतरानंतर बघतो तर तोच नायक पाळण्यात. मग त्याचं बारसं, मग लगीन. लोकांनी शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेतला. कनातीपलीकडं अप्पांचा आवाज नाही. घरी आले ते भारावलेले. जेवायचं सोडून आम्हाला सांगत बसले, "आदी मरन दाखवलं, मंग पाळना. आता त्या पाळन्यातल्या पोराकडं बगताना काळीज हालतं का न्हाई? ह्याला म्हनत्यात डोकं." दुसऱ्या दिवशी बिचारा मॅनेजर दुकानावर माफी मागायला आला, चूक झाली म्हणाला. अप्पांनी हातातला गज खाली ठेवला. मग म्हणाले, "चुकून का हुईना, नवं झालं न्हवं? दुरुस्त करू नगा." मॅनेजर कपाळाला हात लावून गेला.

ह्या सगळ्या चर्चा घरात चालायच्या त्या बाप-लेकीच्या. गौरा वाढायची, अप्पा गोष्ट सांगायचे, गौरा "मंग?" म्हणायची. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत असायच्या. तंबूत त्या कधी फिरकल्या नाहीत. अप्पा त्यांच्याबद्दलही अंदाज करायचे आणि तेही खरे ठरायचे. "आज सोमवार, म्हंजी आमची मंडळी मुक्यानं वाढनार," म्हणायचे, आणि आत्याबाईंचं त्या दिवशी खरंच मौन असायचं. "हिच्यात काय ओळखायचं," असं वर म्हणायचे. आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मला त्याचा राग यायचा, पण सुनेनं कुठं बोलायचं?

गौराचं लग्न पुढच्या साली झालं. पूर्णेकडं दिली होती. वर्षाच्या आत तापाच्या साथीत नवरा गेला आणि कपाळ पुसून पोरगी परत आली. माझ्यापेक्षा लहान होती हो. तिनं कोपरा धरला. सिनेमाचं नाव घरात निघेना. तंबू पुन्हा पडला तेव्हा अप्पा एकटेच गेले, सवयीनं गेले असतील. आले तेव्हा गौरानंच ताट वाढलं आणि किती दिवसांनी विचारलं, "अप्पा, आज कोन्ता खेळ व्हता?"

अप्पा खुलले. सांगायला लागले. स्वार, दिवाण, एकच घोडा, सगळं आलं. गौरानं विचारलं, "बाई न्हवती का त्यात दुसरी कोनी?" अप्पा भाकरी मोडता मोडता सहज बोलून गेले, "व्हती की. स्वाराची भैन, रंडकी. ती काय, पांढऱ्या लुगड्यात दिवा लावती, शेवटाला भावाला आशीर्वाद देती."

"समद्या खेळांत तसंच आसतं का तिचं?" गौरानं विचारलं. अगदी साध्या आवाजात. "तुमी कधी सांगितलं न्हाई ते. म्हंजी ते बी ठरलेलंच."

अप्पांचा हात ताटातच राहिला. चुलीपाशी भाकरी करपल्याचा वास आला. अप्पा तसेच उठले आणि दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले.

अप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. निजाम गेला, मोगलाई गेली, तंबूही गेला. लोक अप्पांची आठवण काढतात ती त्या सिनेमाच्या खोडीसाठी. मला मात्र ते आठवतात ते त्यानंतरच्या दिवसांतले.

त्यांनी गौरासाठी स्थळ बघायला घेतलं. बघायचं कुठं, मीच नवऱ्याकरवी सुचवलं. माझ्या माहेरच्या आळीतला एक बिजवर होता, सेलूच्या कापसाच्या जिनात कामाला, सालस माणूस. तो तयार झाला. अप्पांनी गौराला समोर बसवून विचारलं. म्हणाले, "न्हाई म्हनलीस तर बी माझी ना न्हाई." गौरा बराच वेळ नखानं भुई उकरत बसली. मग म्हणाली, "उजेडात लावनार आसाल तर हो. चोरावानी न्हाई जायची मी."

ही अट बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. विधवेचा पाट लावायची रीत होती, अगदीच नव्हती असं नाही. पण तो लावायचा रात्री, दिवे मालवून, मागच्या दारानं. सवाष्णींनी त्या वेळी तिचं तोंड बघायचं नाही. सकाळ व्हायच्या आत तिनं गाव सोडायचं. भावकी जमली, म्हणाली, "अप्पा, लावा की पाट, आमी कुठं आडवतो? पन रीतीनं लावा." अप्पा म्हणाले, "अंधारात मी सिनेमा बगतो. लेकीचं लगीन मी सकाळच्या उन्हात करनार, म्होरल्या दारात, अक्षता टाकून." भावकीनं सांगितलं, मग मांडवात आमचं पाऊल पडणार नाही. अक्षता टाकायच्या तर मंत्र म्हणायला स्वामी हवेत, आणि मठातल्या म्हाताऱ्या स्वामींनी निरोप पाठवला की प्रकृती बरी नाही. सगळ्या गावाला त्या प्रकृतीचा अर्थ कळला. स्वामी नाहीत तर लग्न नाही, आणि रात्री लावायला गौरा तयार नाही. पोरीचा जन्म त्या एका सकाळीवर टांगलेला होता.

आत्याबाई ह्या सगळ्यात एक शब्द बोलल्या नाहीत. अप्पांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं, "तुजी माय लग्नाच्या दिशी गाठोडं बांधनार. गाडी जुंपून झरीला माहेरी जानार. चार रोजानं येईल. लोकाला भेती ती. जाऊ दे, अडवू नगं."

लग्नाच्या सकाळी अगदी तसंच झालं. मांडव दारात उभा होता, सेलूहून चार माणसं आणि नवरामुलगा येऊन बसले होते, आणि मांडवात आमच्या बाजूचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. आत्याबाई काखेत गाठोडं घेऊन बाहेर आल्या. कुणाकडं न बघता गाडीत बसल्या. गाडी गेली. अप्पा म्हणाले, "सांगितलं व्हतं मी." पण ते असं म्हणाले, की मला भडभडून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी अंदाज चुकावा म्हणून हा माणूस देवाला विनवत होता, आणि तो स्वतःचाच होता.

ऊन चढायला लागलं. आत गौरा नेसून, हात मांडीवर ठेवून बसलेली. मला राहवेना. सासऱ्यांशी तोवर मी समोरासमोर बोलले नव्हते, पण गेले मांडवात आणि विचारलं, "अप्पा, आता काय होणार?"

"ठाऊक न्हाई, सूनबाई," अप्पा म्हणाले. तेवढंच.

आणि मठाच्या बाजूनं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी आमचीच. गाडीत आत्याबाई, आणि त्यांच्या शेजारी दांडा धरून बसलेले म्हातारे स्वामी. अंगावर नवी कोरी भगवी छाटी. गाठोड्यात ती होती, आमच्याच दुकानातली.

मठात काय झालं ते गाडीवानानं नंतर सांगितलं. आत्याबाई अंगणात जाऊन बसल्या आणि गाठोडं सोडून छाटी पुढं ठेवली. स्वामी म्हणाले, "माय, माझी प्रकृती..." आत्याबाईंनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "पोरीच्या गळ्यात लिंग तुमी बांदलं. तवा ती पाळन्यात व्हती अन् दिवसाउजेडी बांदलं. आता ती उजेडात यायची न्हाई म्हनत असाल, तर या आन् ते काढून घिऊन जावा. समद्या गावाम्होरं काढा." स्वामी म्हणाले, "छाटी दे इकडं."

भावकी आली नाही ती नाहीच आली. शेजारच्या दोन बाया आल्या, आणि तो तंबूचा मॅनेजर आला, लांब उभा राहिला. गौराला बाहेर आणलं ते आत्याबाईंनी, स्वतः हात धरून. उन्हानं तिचे डोळे दिपले. आत्याबाईंनी सगळ्यांदेखत तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बाजूला होताना त्या अप्पांशेजारी येऊन उभ्या राहिल्या. अप्पा त्यांच्याकडंच बघत होते, जणू ही बाई आजच घरात आली होती.

"अशे बगाया काय लागले?" आत्याबाई हळूच म्हणाल्या. "सांगा की आता म्होरं काय व्हनार ते."

अप्पांचे डोळे वाहत होते. त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत. स्वामींनी मंत्र सुरू केले, आणि अप्पा म्हणाले, "गप. बगू दे मला."