टाकीचं झाकण

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही, अक्षरही वाकडं येतं, त्याची माफी असावी. हे मी माझ्यापुरतंच लिहिते.

भावानं लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आम्हाला दिले, त्यातून मालकांनी जुनी जीप घेतली. परंड्याहून सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला जाणारी माणसं न्यायची आणि लग्नाच्या आत पैसे परत करायचे, असं ठरलं होतं.

पण गाडी चालता चालता बंद पडू लागली. रोज नाही. कधी दिवसभर नीट, कधी अर्ध्या वाटेत गचके देऊन गप्प. थोडा वेळ उभी राहिली की चालू. मिस्त्रीनं प्लग बदलले, कार्बोरेटर धुतलं, पंप नवा बसवला. त्याच्या दारात ती कधीच बंद पडली नाही.

एकदा शेजारची अवघडलेली पोर बार्शीला न्यायची होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी मागं बसले होते. गाडी माळावर थांबली. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "काकू, चालू व्हईल ना?" मागून आलेल्या टेम्पोत तिला चढवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण गावातलं कोणी आमच्या गाडीत बसेना. "ढकलायचंच असंल तर भाडं तुमीच द्या आमाला," पारावरची माणसं म्हणायची.

जीपचा पेट्रोलचा काटा बिघडलेला. बंद पडली की मालक आधी टाकीचं झाकण उघडून तुरकाठीनं पेट्रोल बघायचे. त्या दिवशी माळावर झाकण फिरवलं तेव्हा सूंऽ असा आवाज आला होता, टाकीनं वारा आत ओढल्यासारखा. टेम्पो गेल्यावर जीप लगेच चालू झाली. ते माझ्या मनातून जाईना. शेवटी मालकांना जेवताना सांगितलं, "झाकण उघडल्यावरच चालू हुती बघा ती."



सकाळी झाकण ढिलं ठेवून ते सोनारीला जाऊन आले. गाडी थांबली नाही. गच्च लावून पुन्हा गेले, तर माळावर गप्प. मग मिस्त्रीनं झाकण हातात घेतलं. वारा आत जायला त्याला बारीक भोक असतं, ते शेंदरानं बुजलं होतं.

सासूबाई दर अमावस्येला तेलातला शेंदूर त्या झाकणालाच लावायच्या. गाडी तिथनं पिते, म्हणजे तेच तिचं तोंड, असं त्यांचं म्हणणं.

"देवाच्या शेंदरानं गाडी बंद पडती व्हय रं?" त्या मिस्त्रीवर चिडल्या.

"देवाचं काय न्हाय, आजी. तुमी तिचं नाक दाबलं. आता कपाळाला लावा."

पुढच्या अमावस्येला त्यांनी शेंदूर बॉनेटला लावला. झाकण मात्र पदरानं पुसलं.

माणसं लगेच परतली नाहीत. पहिली आली ती तीच बाळंतीण, बाळाला देवाच्या पायावर घालायला. मग एकेक करून बाकीची.

भाचीच्या लग्नाआधी आम्ही त्याच गाडीनं वाशीला भावाकडं गेलो. वाटेत मी इंजिनाकडं कान लावून होते. भावानं राहिलेले पैसे न बघताच वहिनीकडं दिले. तिनं मोजले, देवापुढं ठेवले आणि म्हणाली, "फिटलं बघा सगळं, वन्सं."