फेलिक्स नावाचे डबे

आमच्या घरात स्टीलचे तेवीस डबे आहेत आणि त्या प्रत्येकावर एका रोमन हुकूमशहाचं बिरुद कोरलेलं आहे. याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

झालं असं, की माझ्या धाकट्या भावाला, सुनीलला, लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. आई गेली तेव्हा सुनील सातवीत होता. त्याचा शाळेचा डबा मी भरला, त्याच्या प्रगतिपुस्तकावर सह्या मी केल्या (नाव वडिलांचं, अक्षर माझं). मग तो मोठा झाला, इंजिनिअर झाला आणि मला न विचारता गोष्टी करायला लागला. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, ते मला गृहप्रवेशाच्या पत्रिकेवरून कळलं. हॉलला जांभळा रंग दिला, तोही न विचारता, आणि ते दिसतंच आहे. पण बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तिथे मला वळसा घालून कुणालाच पुढे जाता येणार नव्हतं. ही एक गोष्ट माझ्या मनासारखी होणार, असं मी दवाखान्यात बाळाची टाळू बघता बघताच ठरवून टाकलं.

आणि नाव असं ठेवायचं, की ते आसपास कुणाचंच नसेल. आमच्या कॉलनीत संध्याकाळी कुणी गॅलरीतून ‘सम्यक’ अशी हाक मारली, की चार मुलं खेळ सोडून आपापल्या घरी जातात आणि ज्याला बोलावलेलं असतं तो पाचवा खेळतच राहतो. मी शाळेत इतिहास शिकवते. माझ्या एका वर्गात तीन सम्यक आहेत, त्यांतल्या दोघांची आडनावंही एक. हजेरी घेताना मी त्यांना बाकाच्या नंबराने ओळखते. माझा भाचा बाकाच्या नंबराने ओळखला जाणार नव्हता.

शाळेच्या ग्रंथालयातला रोमचा जाडजूड इतिहास मी आठ दिवस घरी आणून ठेवला आणि त्यात मला फेलिक्स सापडला. लॅटिन नाव. मूळ अर्थ फळ देणारा, बहरणारा. पुढे त्याचा अर्थ झाला भाग्यवान, सुखी. द्राक्षांच्या गावात, नऊ वर्षांनी जन्मलेल्या मुलाला, फळ देणारा! मी पुस्तक मिटलं आणि आमच्या ह्यांना हाक मारली.

आमचे हे पाटबंधारे खात्यात आहेत. कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि या नावाचे कोण कोण होऊन गेले ते वाचायला घेतलं.

“हा सेनापती,” ते म्हणाले. “याने हे नाव स्वतःच स्वतःला लावून घेतलंय.”

“मग काय झालं? कर्तबगार होता.”

“होता. पुढे हुकूमशहा झाला आणि विरोधकांच्या याद्या करून चौकात लावल्या. यादीत नाव आलं की मुंडकं गेलं.”

“तो सोडा. हा बघा. गुलाम होता, मुक्त झाला आणि थेट एका प्रांताचा सुभेदार झाला. आपल्या घरात शोभेल असा माणूस आहे.”

ह्यांनी पान उलटलं. “लाच मिळेल या आशेने याने एका कैद्याला दोन वर्षं डांबून ठेवलं होतं.”

“पोप झालेत या नावाचे. संत तर कितीतरी आहेत.”

“आहेत ना. याचं मुंडकं उडवलं. याचंही उडवलं. याचंही.” त्यांचं बोट खाली सरकत होतं. “हा एक वाचला. हा भिंतीच्या फटीत लपला, कोळ्याने तोंडाशी जाळं विणलं, म्हणून शिपाई पुढे निघून गेले.”

“बघा, भाग्यवान!”

“अगं, अख्ख्या यादीत एकटा वाचला, आणि तोही कोळ्यामुळे.”

मी पुस्तक काढून घेतलं. बायकोच्या माहेरच्या कामात माणसं अशीच खुसपटं काढतात. माझं ठरलेलं होतं.

नाव पाळण्याशी सांगेपर्यंत गुप्त ठेवायचं असतं, म्हणून मी सुनीलला काही बोलले नाही. त्याचेच फोन यायला लागले.

“ताई, नावाचं जरा बोलायचं होतं.”

“पाळण्याशी बोलू.”

“तसं नाही. म्हणजे आम्ही महापालिकेत...”

“महापालिकेचं नंतर बघू. तू आधी सोसायटीचा हॉल बुक कर.”

असा तो तीनदा ‘महापालिकेत’पर्यंत आला आणि तीनदा मी त्याला हॉलकडे वळवलं. मग प्रज्ञाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन आला. “ताई, तुम्ही रागावणार नसाल तर...” मी म्हटलं, “मी कशाला रागावू? तू आराम कर,” आणि फोन ठेवला. मला वाटलं, दोघांना नावाचा सुगावा लागलाय आणि दोघं मिळून मला ढिलं करायला बघतायत. मग तर मी जास्तच घट्ट झाले.

बारशाच्या चार दिवस आधी मी भांडी बाजारात गेले. पाहुण्यांना द्यायला पंचाहत्तर डबे घेतले आणि नाव कोरणाऱ्या काकांपुढे मांडले.

“काय कोरायचं, बाई?”

“फेलिक्स.”

त्यांनी कागदावर लिहून घेतलं. “अलीकडे चिरंजीव घालू? आडनाव? आत्याकडून सप्रेम भेट?”

“काही नको. नुसतं फेलिक्स, ठळक अक्षरात. नावात दम आहे.”

“कंपनी काढली का बाई?”

“भाच्याचं नाव आहे.”

काकांनी मशीन हातात घेतलं आणि माझ्याकडे एकदा नीट बघितलं. “एकदा कोरलं की मिटत नाही बरं का.”

“म्हणूनच कोरायचंय,” मी म्हणाले. हे वाक्य तेव्हा मला फार बाणेदार वाटलं होतं.

बारशाच्या दिवशी डबे तीन पोत्यांत भरून हॉलच्या मागच्या खोलीत ठेवले. ह्यांना सांगितलं, “मी नाव जाहीर केलं, की लगेच वाटायला लागायचं. कुणी काही म्हटलं तरी थांबायचं नाही.” लेखी आदेश असता तर त्यांनी फाइलला लावला असता, इतक्या गंभीरपणे त्यांनी मान हलवली.

वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. बायका पाळण्याभोवती जमल्या. प्रज्ञाची आई खास मालेगावहून आली होती. ठेंगणी, अबोल बाई, पण हात आयुष्यभर भाकरी थापलेला. ती माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, “ताई, नाव काय शे? कानमा सांगा ना.”

“पाळण्याशी सांगेन, मावशी.”

मावशींनी प्रज्ञाकडे बघितलं, प्रज्ञाने सुनीलकडे बघितलं आणि सुनीलने छताकडे. मी पदर खोचला आणि पाळण्यात वाकले.

आता आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आत्या एका दमात नाव सांगून सरळ होते, म्हणून आत्या वाचतात. मी वाकले, ‘कुर्रर्र’ केलं, पाठीत पहिला धपाटा बसला, कानाजवळचं दुपटं मी बोटाने बाजूला केलं, आणि त्यावर मला रंगीत दोऱ्याने भरलेली तीन अक्षरं दिसली. सम्यक.

मी तशीच वाकलेली राहिले. बायकांना वाटलं, अजून सांगून झालं नाही. त्या धपाटे घालत राहिल्या.

दुपटं नवं नव्हतं. घडीच्या रेघांवर कापड पिवळं पडलं होतं, लाल दोरा विटून गुलाबी झाला होता आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. शिवण मावशींची होती, ‘क’चा फाटा वाकडा गेला होता. खाली बारीक टाक्यांत लेकीच्या लग्नाचं साल भरलेलं होतं. नऊ वर्षं कुणाच्या तरी पेटीत तळाशी पडून होतं, आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी ते काढून, ऊन देऊन, पुन्हा घडी घालून ठेवत होतं. मला एकदम सगळं कळलं. महापालिकेत काय झालं तेही कळलं. मी चार दिवसांपूर्वी स्टीलवर कोरलेलं नाव घेऊन आले होते आणि इथे नऊ वर्षांपूर्वी दोऱ्याने भरलेलं नाव वाट बघत होतं. मला माझी लाज वाटली. पाठ तर आधीच बधिर झाली होती, कारण त्यातला एक हात मालेगावचा होता.

पण ठरवलं म्हणजे ठरवलं. मी बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि अगदी हळू म्हटलं, “फेलिक्स.” त्याने जांभई दिली. मग मी सरळ झाले, कमरेवर हात ठेवला आणि मोठ्याने सांगितलं, “बाळाचं नाव सम्यक!”

टाळ्या वाजल्या. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. प्रज्ञा माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. सुनील आला, त्याने महापालिकेचा जन्मदाखला माझ्यापुढे धरला, त्यावरही सम्यकच छापलेलं होतं. “ताई, तुला कसं कळलं?”

“आत्याला कळतं,” मी म्हणाले. काय तो क्षण होता! आयुष्यात इतकी थोर मी पुन्हा कधीच दिसले नाही.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “घ्या, घ्या, प्रत्येकी एक.”

नाव जाहीर झालं होतं, म्हणून आमचे हे वाटायला लागले होते. मी हातवारे केले, डोळे मोठे केले, मानेने नको नको म्हटलं. पण कुणी काही म्हटलं तरी थांबायचं नाही असं त्यांना सांगितलेलं होतं. मी धावत पोहोचेपर्यंत बावन्न डबे गेले होते. पाहुणे ते फिरवून फिरवून बघत होते.

“फेलिक्स म्हणजे?” एका बाईंनी विचारलं.

“कंपनीचं नाव असेल,” दुसरीने सांगितलं. “चांगली कंपनी आहे. माझ्या नणंदेकडे यांचा कुकर आहे.”

मावशींनी डबा बोटाने वाजवून बघितला. “भारी कंपनी शे,” त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? हे तेवढे माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या पुस्तकातली अख्खी यादी होती, कोळ्यासकट.

उरलेले तेवीस डबे घरी आले. पण मी हार मानलेली नव्हती. दर रविवारी एका डब्यात लाडू भरून मी पाथर्डी फाट्याला जायचे, सम्यकला मांडीवर घ्यायचे, हळूच कानात ‘फेलिक्स’ म्हणायचे आणि त्याला दात आल्यापासून लाडूही द्यायचे. सुनील-प्रज्ञाला पत्ता नव्हता. माझा हिशेब सोपा होता. दाखल्यावर काहीही असो, मुलाला स्वतःला माहीत असलं की झालं. एक दिवस मी हाक मारेन, तो ओ देईल, आणि मग सगळ्यांना कळेल की आत्याने ठेवलेलं नाव कुठे आहे ते. तीन वर्षं मी एक रविवार चुकवला नाही.

गेल्या महिन्यात त्याचा तिसरा वाढदिवस झाला. सुनीलच्या फ्लॅटवर, त्या जांभळ्या हॉलमध्ये सगळे जमले होते, मावशीही मालेगावहून आल्या होत्या. केक कापून झाल्यावर मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सगळं कबूल केलं. पुस्तक, भांडी बाजार, पाळण्यातलं दुपटं, रविवार. मावशी पदरात तोंड लपवून हसत होत्या. सुनील म्हणाला, “ताई, कमाल आहेस तू. पण त्याला काय कळतंय!”

“कळतं,” मी म्हणाले. “आता बघ.” खोलीच्या दुसऱ्या टोकाला सम्यक फुग्याशी खेळत होता. मी खणखणीत आवाजात हाक मारली, “फेलिक्स!”

त्याने झटकन मान वर केली. फुगा सोडला. माझा ऊर भरून आला, मी ह्यांच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. सम्यक पळत सुटला, माझ्या शेजारून सरळ स्वयंपाकघरात गेला, आणि ओट्याखालून माझा मागच्या रविवारचा डबा दोन्ही हातांनी ओढत घेऊन आला. झाकण काढून त्याने तो माझ्यापुढे धरला.

“आत्या,” तो म्हणाला, “फेलिक्स रिकामा झाला.”

आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला. मी डबा घेतला आणि लाडू भरायला आत गेले. या घराण्याचे डबे भरायचा मान आत्याचाच आहे, आणि तो मात्र माझ्याकडून आजवर कुणीही हिरावून घ्यायला आलेलं नाही.