दोरीचं दुसरं टोक

माझ्या नावापुढे आज पदवी आहे ती महादूमामांमुळे. मामा आमच्या कॉलेजचे शिपाई. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषाही तेच आखायचे. आमचा फुटबॉल संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुसलेल्या रेषा पुन्हा आखायला घ्यायचे.

पहिल्या वर्षी नापास झालो तेव्हा मी दाखला काढायला गेलो होतो. मामा म्हणाले, "हापिस कुठं पळून जातंय? आधी दोरीचं टोक धर." मी धरलं. रेषा आखून होईतो ऑफिस बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन बसलो. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. 'थांब' म्हणणारंही कुणी नव्हतं.

आज मोबाइलवर फोटो आला. आमचा संघ पहिल्यांदाच विद्यापीठाच्या अंतिम स्पर्धेला पात्र ठरलाय. पोरांचे गुडघे फक्कीनं पांढरे झालेत. कुणीतरी हरलेलं मैदान पुन्हा पुन्हा आखत राहिलं होतं, म्हणून हा दिवस आला, असं त्या गुडघ्यांकडे बघताना वाटत राहिलं.

संध्याकाळी मामांना पत्र टाकलं: 'फोटो पाहिला. स्पर्धेआधी मैदान आखाल तेव्हा कळवा, मी येतो. दोरीचं एक टोक माझ्यासाठी ठेवा.'