हेळव्याच्या वहीत त्रिशला

चंदनबालाआक्का बहात्तराव्या वर्षी माहेरी आल्या आणि थेट ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसल्या. पोतं हेळव्यासाठी काढून ठेवलेलं होतं. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्यांच्या घरी चार-पाच वर्षांनी हेळवी येतो, वहीतून घराण्याची नावं मोठ्यानं वाचतो, नवी लिहून घेतो आणि धान्य घेऊन जातो. पूर्वी तो बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवरून येतो. वहीत मात्र अजून पुरुषच. सात पिढ्या पुरुषांना पुरुषच होत आले, असं ऐकणाऱ्याला वाटावं.

आक्कांना त्या वहीत एक नाव हवं होतं. त्रिशला, त्यांची थोरली बहीण. साडेआठ वर्षं जगली आणि तापानं गेली. तिचा फोटो नाही. तिला पाहिलेलं माणूस आक्कांशिवाय आता कुणी उरलेलं नाही. आपल्यामागं 'ती होती' एवढं सांगायलाही कुणी राहणार नाही, हे आक्कांच्या जिवाला लागलं होतं.

म्हणून त्यांनी सहा महिने कागद धुंडाळले. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात जन्माला नुसतं 'मुलगी' आणि मरणाला 'मुलगी, हिवताप'. मधल्या साडेआठ वर्षांत तिला नाव होतं, याचा तिथं कुणालाच पत्ता नव्हता. क्लार्क म्हणाला, "आज्जी, जुनं उकरून काय मिळतंय?" आक्का म्हणाल्या, "तुला इचारलं न्हाई. पान उलट." मग त्या शाळेत गेल्या. हेडबाईंनी जुनं कपाट उघडून दिलं. तिथं सापडलेल्या कागदाची झेरॉक्स आज पिशवीत होती.

हेळवी यल्लाप्पा वाचत वाचत आक्कांच्या वडिलांपाशी आला. "जिनाप्पा. त्यांचा बाहुबली. त्याचा भरतेश."

"थांब," आक्का म्हणाल्या. "जिनाप्पाची पैली लेक त्रिशला. लिही."

"आक्का, लेकी लिवत न्हाई आमी. त्या दुसऱ्याच्या घरच्या."

"ही कुठल्या घरी गेली? हितंच मेली की."

भरतेश, आक्कांचा भाचा, ओशाळला. "आत्या, पावण्याम्होरं कशाला?"

"पोतं तुझं हाय, पर बसलीया मी. लिवल्याबिगार उठत न्हाई."

"बरं, कडंला लिवतो," यल्लाप्पा म्हणाला.

"कडंला न्हाई. बाहुबलीच्या वर. ती थोरली."

यल्लाप्पा हसला. "आवं, नावाम्होरं कायतरी लिवावं लागतंय. कुणी हीर पाडली, कुणी देवळाला पायऱ्या घातल्या. एवढ्याशा पोरीनं काय केलं म्हणून लिवू?"

याच प्रश्नाची आक्का वाट बघत होत्या. त्यांनी झेरॉक्स काढली. तो त्यांचाच शाळाप्रवेशाचा अर्ज होता, जून १९५८ चा. थोरलीला वडिलांनी कसंबसं शाळेत जाऊ दिलं होतं; धाकटीनं म्हशीमागं जायचं, असं ठरलं होतं. एका सकाळी त्रिशलानं धाकटीचा हात धरला, तिला शाळेत नेलं आणि गुरुजींना सांगितलं, हिला घ्या. अर्जावर पालकाच्या सहीच्या जागी वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'त्रिशला जिनाप्पा'. गुरुजी भले, त्यांनी चालवून घेतलं. त्याच दिवाळीला ती गेली. आक्का सातवी शिकल्या आणि पुढं पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवून निम्म्या गावाला अक्षरं गिरवायला लावली.

"हिनं मला शाळंत घातलं," आक्का म्हणाल्या. त्या पोत्यावरून हलल्या नाहीत. "लिही."

यल्लाप्पानं कागद डोळ्यांजवळ धरून ती सही बराच वेळ पाहिली. मग पेनचं टोपण काढलं.

"तुमचं बी नाव घालू का, आक्का?"

"मी जित्ती हाय. माझं मी बघीन. तू आता वाच. मोठ्यानं."

यल्लाप्पानं घसा साफ केला. "जिनाप्पा. त्यांची थोरली त्रिशला, हिनं भणीला शाळंत घातलं. त्यांचा बाहुबली."

आक्का पोत्यावरून उठल्या.